आधी अंगावर, मग वाटी

त्या हंगामात कापूस इतका आला की घरात माणसांना वावरायला जागा उरली नाही. आर्वीच्या जिनावर, सरकी काढायच्या कारखान्यावर, गाड्यांची रांग लागली होती, म्हणून सुलोचनेच्या नवऱ्यानं, भैय्याजींनी, वेचणीचा सगळा माल तळेगावच्या घरातच ओतून ठेवला होता. मधल्या घरात कापूस, बाजूच्या खोल्यांत कापूस, देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कापूस. सुलोचनेची बाळंतिणीची खोली तेवढी मोकळी होती. पण तिच्या तीन भिंतींना पलीकडून कापूस टेकलेला असल्यामुळे बाहेरचा प्रत्येक आवाज तिच्यापर्यंत मऊ होऊन पोचायचा. बैलाच्या गळ्यातली घंटा, विहिरीवरच्या रहाटाची कुरकुर, सासूचं बोलणंसुद्धा.

आज चौथा दिवस होता. ओव्याच्या धुरीनं खोली निळसर झाली होती. आपण जाग्या आहोत की झोपेत, हे सुलोचनेला नक्की सांगता आलं नसतं. बाळ छातीशी धरलं की ते तोंड लावायचं, चार-दोनदा ओढायचं आणि थकून डोळे मिटायचं. मग भुकेनं उठायचं. पहिल्या दिवशी त्याचं रडणं ओसरीपर्यंत गेलं होतं. आज ते बाजेखालीसुद्धा पोचलं नसतं.

मधूनच तिला वाटे, ही ती पहिली मुलगीच आहे. तीन वर्षांपूर्वी आर्वीला, माहेरी झालेली आणि नऊ दिवस राहून गेलेली. मधली तीन वर्षं ती कुठंतरी हिंडली आणि आता तशीच भुकेली परत आली. मग सुलोचना दचकून डोळे उघडी. बाळाच्या कपाळावर कापसाची एक तार येऊन बसलेली असे. ती तार ती दोन बोटांनी हलकेच उचली.

दुपारी नर्सबाई आली. तिनं झोळीचा काटा दाराच्या कडीला अडकवून बाळ तोललं, काट्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकदा तोललं.

"सहा पौंडांचं होतं. अकरा औंस उतरलंय," ती म्हणाली. ती मूळची नागपूरची, बोलणं नीट, शाळेतल्यासारखं. "घाबरू नका. चीक आलेला आहे, तो याला मिळतोय. पण पान्हा यायला उशीर होतोय. काहींना होतो."

"मले येईनच ना?" सुलोचनेनं विचारलं.

"येईल. फक्त तोवर याच्या अंगात ओढण्याची ताकद राहिली पाहिजे. ओढलं नाही तर दूध येणार नाही, आणि दूध नाही तर हे ओढणार कसं?" नर्सबाई दाराकडे वळून मोठ्यानं बोलली, कारण दाराआड सुलोचनेची सासू यशोदाबाई उभ्या आहेत हे तिला माहीत होतं. "आधी अंगावर, दोन्हीकडे. मग दुसऱ्या बाईचं दूध, वाटीतून, शिंपल्यानं. तीन-चार शिंपली, पोट गच्च भरेल इतकं नाही. चोखायचं बोंडलं अजिबात नको, त्याची सवय लागली की मूल अंगावर ओढायचा कंटाळा करतं. दोन तासांनी पुन्हा तेच. आधी अंगावर, मग वाटी."

*

स्वयंपाकघरात तिघं बसली. खरं म्हणजे दोघी बसल्या आणि भैय्याजी दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. त्यांच्या टोपीवर, मिशीवर कापूस होता. चौथी नर्सबाई, हातात पिशवी घेऊन, बसच्या वेळेकडे लक्ष ठेवून.

प्रमिलाबाई कालच सेलूहून आल्या होत्या. उद्या भाचीची पाचवी, आणि पाचवीला आत्या नाही असं कसं चालेल? त्यांनी येताना टोपडं आणलं होतं, लाडू आणले होते आणि घरात शिरल्यापासून भावजयीची थट्टाही चालवली होती. आज त्यांची थट्टा आटली होती.

"आपल्या कपिलेचं दूध हाय की घरात," त्या म्हणाल्या. "त्यात पानी टाका, खडीसाखर टाका. माह्या तिन्ही लेकरांईले देल्लं म्या. काय झालं त्याईले? थोरला तं आता मलेच डोळे दाखवते."

"गाईचं नाई," यशोदाबाई म्हणाल्या.

"काऊन?"

"नाई म्हनलं नं एकदा."

"माय, अशी कशी तू? दुसऱ्या बाईचं चालते अन् गाईचं चालत नाई?"

यशोदाबाई तांदूळ धूत होत्या. त्यांची पाठ सगळ्यांकडे होती. पाणी स्वच्छ निघू लागलं तरी त्या धूतच राहिल्या.

"पयलीच्या वक्ती म्या आर्वीले गेलती, पाचव्या दिवशी," त्या म्हणाल्या. "विहीनबाई नाई म्हनत होती. थांबा म्हने, येईन दूध. म्याच हट्ट केला. म्हनलं, पोर भुकेनं चालली, गाईचं द्या. माह्या हातानं देल्लं. तिले हगवन लागली. चार दिवसांत गेली." त्यांनी पाणी ओतलं. "अन् म्या तयेगावात सांगतलं का विहीनबाईच्या घरी हयगय झाली. म्हनून तं या वक्ती सुनेले माहेरी जाऊ देल्लं नाई."

भैय्याजी मिशीवरचा कापूस काढत राहिले. प्रमिलाबाईंना आईची पाठ दिसत होती. ती एवढी लहान आहे, हे त्यांच्या आजवर लक्षात आलं नव्हतं. भिंत आणि कापूस यांच्या पलीकडे सुलोचनेनं हे ऐकलं की नाही, ते सांगता येत नाही. तिनं तसं कधी दाखवलं नाही.

"मग कोण?" नर्सबाईनं हलकेच विचारलं.

जातीतल्या बायका मोजून झाल्या. एकीचं मूल दोन वर्षांचं, एकीला पुन्हा दिवस गेलेले, एक माहेरी वर्ध्याला.

"गावाबाहेरच्या टोलीवरची रुखमा आहे," नर्सबाई म्हणाली. "तिचं बाळंतपण मीच केलं. मुलगी अडीच महिन्यांची. बाई निरोगी आहे, दूध भरपूर."

"गोंडीन?" प्रमिलाबाई म्हणाल्या.

"आपल्याच वावरात वेचाले येते," भैय्याजी म्हणाले.

"वेचाले येनं अन् पाजाले येनं, यात काई फरक हाय का नाई, भैय्या?"

भैय्याजी कापसाची प्रत हातात धरून सांगत, पण घरात दोन बायकांमध्ये कधी बोलत नसत. ते आईकडे पाहत राहिले.

"जा. इचारून ये," यशोदाबाई म्हणाल्या. "पन एक सांगजो. तिच्या पोरीनं तोंड लावाच्या आदी काढाचं. उष्टं माह्या घरात येनार नाई."

नर्सबाईनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात वेशीकडून बसचा भोंगा वाजला आणि तिला पळावं लागलं.

भैय्याजी तासाभरानं टोलीवरून परतले. "सकाळी येते म्हनली. तिची सासू रामबाई होती, तिनं इचारलं, किती दिवस? म्या म्हनलं, पान्हा येईस्तोवर."

"काय मांगतलं?"

"काईच नाई. रामबाई हासली. म्हने, दुधाचं काय मांगाचं."

*

रुखमेला त्या घराचं मागचं अंगण ओळखीचं होतं. दिवाळीला, पोळ्याला ती तिथं पदर धरून उभी राहिलेली होती. ताटात उरलेली पुरणपोळीची कड, कालचं वरण, खालून लागलेला भात आतून येई. ते ती टोलीवर घेऊन जाई आणि सगळी मिळून खात. त्यात तिला कधी काही वाटलं नव्हतं. आजही वाटलं नसतं, पण आज तिला पाट दिला होता आणि हात धुवायला ऊन पाणी, आणि त्यामुळे ती बावरली होती.

गुलाबला, आपल्या मुलीला, तिनं पहाटेपासून पाजलं नव्हतं. सांगितलंच होतं तसं. छाती दगडासारखी भरून आली होती. तिनं उकळून घेतलेली वाटी मांडीवर धरली आणि दाबून पाहिलं. एक थेंब आला. मग दुसरा. मग काहीच नाही.

यशोदाबाई तुळशीपाशी पाठमोऱ्या उभ्या होत्या. "झालं?"

"येऊन राह्यलं, बाई."

येत नव्हतं. इतकं भरलेलं असून येत नव्हतं. रुखमेनं डोळे मिटून गुलाबचं तोंड आठवलं, तिच्या टाळूचा वास आठवला. पण समोरच्या त्या ताठ पाठीनं सगळं आत परतून जाई. घरातून बाळाचं बारीक रडणं आलं, आलं म्हणण्यापेक्षा आल्यासारखं वाटलं. वाटीच्या तळाशी पाण्यासारखं निळसर दूध होतं, शिंपलं जेमतेम बुडेल एवढं.

ऊन अंगणाच्या मध्यावर आलं, तेव्हा टोलीच्या वाटेनं गुलाबचा टाहो ऐकू येऊ लागला. रामबाई नातीला खांद्यावर घेऊन कुंपणाच्या फटीतून आत शिरली.

"काय गोष्ट हाय वं ही? पोट्टी रडून रडून काळी पडली अन् तू अथी वाटी घेऊन बसली!"

तो आवाज कानांत शिरला मात्र, रुखमेची चोळी दोन्हीकडून भिजली. तिनं कुणाला विचारलं नाही. हात आपोआप पुढे झाले, गुलाब डाव्या अंगाला लागली, आणि उजव्या अंगाला कुणी हात न लावता धार सुरू झाली. वाटी तिनं नुसती खाली धरली.

प्रमिलाबाई मागच्या दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि कालपासून प्रथमच त्यांना हसू आलं. "जमलं नं, माय! एक अंग उष्टं, एक सोवळं. घे, तुहाही नेम राह्यला अन् देवाचाही."

यशोदाबाई वळल्या. वाटीत दोन बोटं दूध होतं. पातळ होतं, पण होतं. त्यांच्या चेहऱ्यावरची शीर जरा सैल पडली.

गुलाबनं डावीकडचं सोडलं आणि हात झाडून उजवीकडचं मागू लागली. रुखमेनं तिला तिकडे घेतलं. मग मोकळ्या झालेल्या डाव्या अंगातून तिनं दुसऱ्या वाटीत काढलं. दाबावं लागलं नाही. थोडंच निघालं, पण दाट, पिवळसर, वाटीच्या कडेला धरून राहणारं.

"हे घ्या, बाई," ती म्हणाली. "पयलं येते ते तहानेचं. हे जड हाय. लेकरू यानं भरते."

"ते उष्टं हाय."

वाटी पुढे धरलेला रुखमेचा हात तसाच राहिला. बोलली ती रामबाई, आणि तीही भांडण्यासारखं नाही. तिला खरंच विचारायचं होतं असं वाटलं.

"बाई, तुमी गाय कशी पिळता? पयले वासरू सोडता का नाई? ते चार गुटके पेते, गाय पान्हते, मंग त्याले खुट्याले बांधता अन् दूध काढता. ते दूध देवाले चालते. लोनी कृष्णाले चालते. मंग माह्या नातीनं काय घोडं मारलं?"

गोठ्यात कपिलेनं कान हलवला. यशोदाबाईंनी तिकडे पाहिलं. चाळीस वर्षं त्या रोज पहाटे वासराच्या तोंडाचा फेस पुसून आचळ धूत आल्या होत्या.

"अन् माय," प्रमिलाबाई दारातून खाली उतरल्या आणि आईच्या अगदी जवळ जाऊन म्हणाल्या, "सुवेर हाय आपल्याले. दहा दिवस आपुनच बाटलेले. देव शिवत नाई, लोकं पानी पीत नाई आपल्या घरचं. आपल्याले आता कोन बाटवते?"

"सेलूच्या लोकांईले काय सांगशीन?"

"सांगीन, भाची जगली म्हनून."

यशोदाबाईंनी पदराला हात पुसले. मग रुखमेच्या हातून ती दाट दुधाची वाटी घेतली. घेताना बोटांना बोटं लागली. त्या आत गेल्या.

*

आत सुलोचना सासूपुढे रडत होती. "मले काईच येत नाई, आत्याबाई. वाटीचंच द्या त्याले."

"नाई. नर्सबाईनं काय सांगतलं? आदी अंगावर."

एकदा नेम हातात आला की यशोदाबाई तो सोवळ्यासारखा पाळत. त्यांनी वाटी फडताळात झाकून ठेवली, बाळाला जागं केलं, तळव्याला गुदगुल्या केल्या आणि सुनेच्या अंगाला लावलं. डावीकडे, मग उजवीकडे. बाळ पेंगलं तर गाल चोळला. मगच त्यांनी शिंपलं उचललं. पहिल्या शिंपल्यातलं ओघळून मानेवर गेलं. दुसऱ्यातलं निम्मं. तिसऱ्याला बाळाच्या गळ्यात एक लहानसा खड्डा पडला आणि भरून आला.

सुलोचना ते पाहत होती. आनंद झाला आणि त्याच्या पाठोपाठ एक भीती आली, ती तिला कुणाला सांगता येईना. हे बाळ त्या दुधाचं होईल. शिंपल्याकडे तोंड उघडेल आणि माझ्याकडे पाठ करील. धुरीच्या निळ्या धुरात तिला दिसू लागलं, की आपण दाराबाहेर उभ्या आहोत आणि आत दुसरीच कुणी बाज धरून निजली आहे.

संध्याकाळी पाचवी पुजली. रात्री बाळ दोनदा ओलं झालं. यशोदाबाईंनी ते दुपटं प्रसादासारखं उचलून सगळ्यांना दाखवलं.

सहाव्या दिवशी रुखमा आली, तेव्हा सुलोचना म्हणाली, "तिले आत बसू द्या."

"बाळंतिनीच्या खोलीत? बाहेरची नजर..."

"आत बसू द्या, आत्याबाई." सुलोचनेनं लग्नानंतर या घरात एकच वाक्य दोनदा म्हटल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

रुखमा भिंतीला टेकून जमिनीवर बसली. गुलाब तिच्या मांडीवर. थोडा वेळ दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या.

"तुले कितव्या दिवशी आला?" सुलोचनेनं विचारलं.

"चवथ्या. माह्या जावेले आठव्या दिवशी आला. तिची सासू म्हने, हे अंग नाई, पत्थर हाय." रुखमा हसली. "आता तिचं पोरगं पाहा, बैलावानी हाय. बाई, एक सांगू? त्याच्याकडे पाहू नका तुमी."

"कोनाकडे?"

"लेकराकडे. पेलं का, किती पेलं, आलं का, नाई आलं... गाईकडे बी पाहून राह्यलं का दूध चोरते. दुसरीकडे पाहा."

सुलोचनेनं छताकडे पाहिलं. कौलांच्या फटीतून उन्हाची एक काडी उतरली होती आणि तिच्यात कापसाच्या तारा वर-खाली फिरत होत्या. रुखमा तिच्या भाषेत काहीतरी गुणगुणत होती. शब्द सुलोचनेला कळत नव्हते. न कळणाऱ्या शब्दांना घाबरायचं कारण नसतं, असं काहीसं तिला वाटलं. गुलाबचे घोट ऐकू येत होते, एकामागून एक, शांत, विहिरीत मोट बुडावी तसे. कापसानं बाकीचं जग बाहेर ठेवलं होतं. त्या घोटांच्या लयीत सुलोचनेचा श्वास कधी मिसळला ते कळलं नाही. तिला आपली आई आठवली, आर्वीच्या अंगणात वडे घालणारी. मग तीही मनात राहिली नाही.

झोपलेल्या पायाला पुन्हा जाग येताना येतात, तशा मुंग्या तिच्या काखेतून सुरू झाल्या. त्या दाटत पुढे आल्या. दुखल्यासारखं झालं. आणि बाळाला ठसका लागला.

यशोदाबाई धावत आल्या. "काय झालं? काय झालं त्याले?"

बाळ खोकलं, तोंडातून पांढरं ओघळलं, आणि ते रागावून, पहिल्या दिवशीच्या आवाजात रडलं. मग पुन्हा स्वतःच शोधत येऊन लागलं.

"काई नाई, बाई," रुखमा म्हणाली. "जास्त झालं त्याले."

यशोदाबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. बराच वेळ त्या उठल्या नाहीत.

वाटी आणखी दोन दिवस चालली, कमी कमी होत. नवव्या दिवशी सकाळपासून सुलोचनेनं बाळाला खाली ठेवलं नाही, आणि असं का, हे कुणी विचारलं नाही. दुपारी नर्सबाईनं तोललं. पाच औंस चढले होते.

"वाटी बंद," ती म्हणाली.

यशोदाबाईंनी रुखमेची ओटी भरली, लुगडं दिलं. पुढच्या दारात दिलं की मागच्या, याबद्दल या घरात पुढे कित्येक वर्षं दोन मतं राहिली. प्रमिलाबाई पुढच्या दारात म्हणत. पण त्या तर त्याच सकाळी सेलूला परतल्या होत्या.

*

दुसऱ्या दिवशी रुखमा वेचणीला गेली. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून तिनं गुलाबला निजवलं आणि बरोबर वेचणाऱ्या धुरपताच्या शेजारची ओळ धरली. थंडी सरत आली होती. बोंडं उघडी पडली होती, वाऱ्यानं कापूस लोंबत होता.

सूर्य डोक्यावर आला. रोज ती या वेळेला त्या घरी बसलेली असे. कुणी रडलं नाही, गाव तर इथून दिसतही नव्हतं. गुलाब पोटभर पिऊन झोपली होती. तरी रुखमेची चोळी भिजू लागली.

जास्तीचं दूध येईल अजून चार-पाच दिवस, असं रामबाईनं सांगितलं होतं. मग अंग आपलं आपण समजून घेतं.

ती दोन ओळींच्या मध्ये खाली बसली आणि तिनं ते काढून टाकलं. काळ्या मातीवर थेंब पडत, क्षणभर पांढरे राहत आणि जात. तिनं गावाच्या दिशेला पाहिलं. आता तिथं बाळ आईला लागलं असेल. डावीकडे, मग उजवीकडे.

"काऊन बसली वं?" पलीकडून धुरपतानं विचारलं.

"काटा रुतला."

"निघाला का?"

"निघून राह्यला."

ओल्या हाताला कापूस चिकटतो. रुखमेनं दोन्ही हात मातीत घासून कोरडे केले, लुगड्याला पुसले, आणि पुढचं बोंड धरलं.